उपग्रही घड्याळाची वीज : राखीव पुरवठ्याची तजवीज

पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांतील अणुघड्याळांचा संकेत झेलून, त्याच्या आधाराने आपल्या जागी बसविलेल्या स्फटिक-आंदोलकाला अखंड वळणावर ठेवणारे यंत्र, ज्याला जाणकार मंडळी ‘जीपीएसडीओ’ म्हणतात, ते आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, वीज-उपकेंद्रांच्या नियंत्रणकक्षांत, मोबाइलच्या मनोऱ्यांखालील कोठड्यांत आणि हौशी रेडिओ-चालकांच्या माळ्यावरच्या खोल्यांतही आढळते. त्याची अँटेना कोठे बसवावी, कोणता ग्राही घ्यावा, त्याच्या स्पंदाची अचूकता किती नॅनोसेकंदांची असावी, यांविषयी पुष्कळ खल होतो. परंतु भिंतीतील वीज गेल्यावर या यंत्राचे काय होणार, हा प्रश्न लोक बहुधा घरातील इन्व्हर्टरच्या स्वाधीन करून निश्चिंत होतात. ही निश्चिंती अस्थानी आहे. आणि ज्यांच्या ताब्यात असे यंत्र आहे त्यांनी त्याच्या राखीव विजेची स्वतंत्र तजवीज का व कशी करावी, हे येथे सांगावयाचे आहे.

वीज गेल्याने यंत्राच्या सर्व अवयवांचे सारखेच नुकसान होत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ग्राही हा भाग तसा काटक. वीज परत आली आणि आकाश मोकळे असले की थोड्याच अवधीत तो उपग्रह हुडकून काढतो आणि कामाला लागतो. स्फटिकाचे तसे नाही. उत्तम प्रतीचा स्फटिक एका लहानशा ओव्हनमध्ये, बहुधा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, अत्यंत स्थिर तापमानात ठेवलेला असतो. कारण त्या विशिष्ट तापमानालाच त्याची वारंवारता उष्णतेच्या बारीकसारीक चढउतारांना सर्वांत कमी दाद देते. वीज खंडित होऊन हा ओव्हन निवला की स्फटिकाला धरून ठेवणाऱ्या आधारांतील ताण बदलतात, महिनोन्महिने संथ होत आलेली त्याच्या वार्धक्याची गती पुन्हा अस्थिर होते, आणि ओव्हन परत तापल्यावर स्फटिक पूर्वीच्याच वारंवारतेवर नेमका येतोच असे नाही. विरजण लागत असताना भांडे हलवावे आणि सारे दही मोडावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय चांगल्या यंत्रातील नियंत्रक उपग्रहांशी अनेक दिवस ताडून पाहत स्फटिकाच्या या स्वभावाचा अभ्यास करीत असतो, आणि पुढे कधी संकेत हरपला तर त्या अभ्यासाच्या बळावरच तो घड्याळ चालवितो. एका क्षणाच्या अंधाराने हा संचित अभ्यासही अनेक यंत्रांत पुसला जातो.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो साधा असला तरी व्यवहारात सर्रास दुर्लक्षिला जातो, म्हणून तो ठळकपणे मांडतो. राखीव वीज ही ग्राहीचा दिवा तेवत राहावा म्हणून ठेवावयाची नसून, स्फटिकाच्या ओव्हनची ऊब क्षणभरही खंडू नये म्हणून ठेवावयाची आहे. बाकीची सारी व्यवस्था या एका उद्देशाच्या अनुरोधाने करावी.

थोडा हिशेब मांडला म्हणजे या उबेचे मोल कळेल. आंदोलकाच्या वारंवारतेत दहा अब्जांत एक भाग एवढी चूक कायम राहिली, तर एका अहोरात्रात घड्याळ ८.६४ मायक्रोसेकंदांनी ढळते. चूक अब्जात एक भाग असली, तर हेच ढळणे ८६ मायक्रोसेकंदांवर जाते. शिकूनसवरून स्थिरावलेला उत्तम स्फटिक पहिल्या कोटीत बसतो, तर नुकताच गार पाण्यातून बाहेर काढल्यासारखा तापू लागलेला स्फटिक कित्येक तास दुसऱ्या कोटीतही बसेल याचा भरवसा नसतो. आता वीज-जाळ्यातील विद्युत्दाबाचा कोन मोजणाऱ्या यंत्रांचा दाखला घ्या: ५० हर्ट्झच्या आपल्या वीजप्रणालीत एक मायक्रोसेकंदाची चूक ०.०१८ अंशाच्या कोनाएवढी भरते, आणि सुमारे ३२ मायक्रोसेकंदांच्या चुकीने त्या मोजमापाला मान्य असलेली एक टक्क्याची सारी सवलत एकट्या घड्याळापायी संपून जाते.

यावर कोणी म्हणेल की वीजच गेली असता वेळ इतकी नेमकी हवी कशाला? परंतु ज्या घटकेला वीज जाते त्याच घटकेला अचूक नोंदीची खरी निकड असते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारियो प्रांत अंधारात बुडाला, तेव्हा चौकशी करणाऱ्यांपुढील पहिले संकट हेच होते की ठिकठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, कारण त्या ठेवणारी घड्याळे आपापल्या मनाने चालत होती. आणि कोणती घटना आधी व कोणती नंतर, हे ठरविण्यातच बराच काळ खर्ची पडला. त्या चौकशी-समितीने नोंदयंत्रे कालदृष्ट्या एकसूत्री असावीत अशी स्पष्ट शिफारस केली. आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील जाळे लागोपाठ दोनदा कोसळले, १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज सकाळी ऐन कामाच्या वेळी गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा प्रसंगांचा उलगडा मिलिसेकंदांच्या क्रमावर अवलंबून असतो, आणि तो क्रम लिहिणारे घड्याळ त्याच विजेवर जगत असेल तर चौकशीच्या दप्तरात ऐन मोक्याचे पान कोरे राहते.

म्हणूनच उपकेंद्रातील मंडळींना माझे पहिले सांगणे असे की जीपीएस घड्याळाची पिन भिंतीतील सॉकेटात कधीही खोचू नये. उपकेंद्रात संरक्षक रिले आणि ब्रेकर यांच्यासाठी ११० किंवा २२० व्होल्टची एकदिश बॅटरी असतेच. घड्याळ विकत घेतानाच ते त्या दाबावर चालणारे मागवावे आणि त्याला स्वतंत्र फ्यूज देऊन त्याच बॅटरीवर घ्यावे. जी वीज ब्रेकर उघडते तिच्यावरच तो केव्हा उघडला हे लिहिणारे घड्याळ चालावे, यात औचित्यही आहे आणि सुरक्षितताही. दूरसंचार-केंद्रांत ४८ व्होल्टची व्यवस्था असते, तेथेही हाच न्याय लागू करावा. मात्र तेथे बॅटरीचे धन टोक भूमीला जोडलेले असते, याचा विसर पडू देऊ नये. जुन्या बाजारातून आणलेले दूरसंचाराचे एखादे यंत्र, उदाहरणार्थ ह्यूलेट-पॅकार्डचे झेड३८०१ए, घरी चालविताना पुरवठ्याचे ऋण टोक सवयीने भूमीला जोडण्याआधी, अँटेनाच्या केबलचे कवच आणि संगणकाकडे जाणारी तार यांतून भलतेच मंडल तर पूर्ण होत नाही ना, याची मल्टिमीटरने खातरजमा केल्याखेरीज कळ दाबू नये.

घरी किंवा महाविद्यालयात ही एकदिश बॅटरी आयती मिळत नाही, आणि तेथेच इन्व्हर्टरचा मोह पडतो. इन्व्हर्टर वाईट असे माझे म्हणणे नाही. पंखे आणि दिवे यांसाठी तो योग्यच आहे. पण बॅटरीतील १२ व्होल्टांची २३० व्होल्ट प्रत्यावर्ती वीज करावयाची आणि अ‍ॅडॉप्टरकरवी तिची पुन्हा १२ व्होल्ट एकदिश वीज करावयाची, या उफराट्या प्रवासात दोन्ही वेळा गळती होते. अनेक घरगुती इन्व्हर्टर तर रिकाम्या अवस्थेतही दहा-वीस वॅट स्वतःच खातात. जीपीएसडीओची स्वतःची भूक किती, ते पाहू. ओव्हन स्थिर झाल्यावर ३ वॅट, ग्राही व अँटेनातील प्रवर्धक मिळून १ वॅट, नियंत्रण व वितरणाचे मंडल १ ते २ वॅट. म्हणजे एकंदर ५-६ वॅट, आणि रूपांतरणातील तूट धरून बॅटरीवर ८ वॅटचा भार. पूर्ण अहोरात्र तो वाहावयाचा तर १९२ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासांच्या सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री ३१२ वॅट-तास असतात. त्यांपैकी दोन-तृतीयांशच वापरावयाचे असा नियम केला तरी २०० च्या वर उरतात, आणि एका मध्यम आकाराच्या बॅटरीवर चोवीस तास निभावतात. हेच इन्व्हर्टरमार्फत केले तर तिप्पट बॅटरी लागते. शिवाय भारनियमनाच्या दिवशी घरची मंडळी तीवर पंखे लावणारच, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्टांचा, प्रवाहाला मर्यादा असलेला चांगला पुरवठा घ्यावा, बॅटरी त्याच्याशी कायम समांतर जोडून ठेवावी आणि यंत्र या जोडीवर चालवावे. या रचनेचा सर्वांत मोठा गुण हा की वीज गेली असता अदलाबदलीचा क्षणच येत नाही. रिले नाही, काही मिलिसेकंदांची फट नाही, भार जेथे होता तेथेच राहतो. पुरवठ्याची क्षमता ठरविताना मात्र लोक एका ठिकाणी फसतात. दीर्घ अंधारानंतर वीज येते तेव्हा रिकामी बॅटरी आणि थंड ओव्हन हे दोघेही एकाच वेळी हात पसरतात; तापणारा ओव्हन नेहमीच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतो आणि वरील बॅटरीला भरण्यासाठी अडीच अँपिअरच्या आसपास लागतात. तेव्हा ५ अँपिअरहून कमी क्षमतेचा पुरवठा घेऊ नये. रुबिडियमचे आंदोलक वापरणाऱ्यांनी तर हा हिशेब अधिकच सढळ हाताने करावा, कारण ते स्थिर झाल्यावरही दहा ते पंधरा वॅट घेतात आणि तापताना त्याच्या दुपटीहून अधिक मागतात. त्यांतील पुष्कळसे २४ व्होल्टांचे असल्याने दोन बॅटऱ्या एकसर जोडाव्या लागतात.

बॅटरीची निवड हा जिव्हाळ्याच्या वादाचा विषय आहे. शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त, परिचित आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारी. पण उष्णतेपुढे ती दुबळी आहे. तापमान २५ अंशांच्या वर आठ-दहा अंशांनी चढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. मग नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या बॅटरीची काय गत होत असेल, ते सांगावयास नको. खोली तापते त्या मानाने भरणीचा दाबही उतरविला पाहिजे, दर अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे १८ मिलिव्होल्ट, म्हणजे ४० अंशांना पाव व्होल्टाहून थोडा अधिक. हे आपोआप करणारा चार्जर मिळाला तर दोन पैसे जास्त देऊनही घ्यावा. लिथियम-फेरस-फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी अनेक वर्षे टिकते, अधिक खोलवर रिती करता येते आणि वजनाला हलकी असते. तिचा दाब मात्र जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे व्होल्टमीटरकडे पाहून किती वीज उरली हे ताडता येत नाही, आणि तिच्यातील संरक्षक मंडल ऐन वेळी, कसलीही इतल्ला न देता, पुरवठा तोडते. ज्याला रोज लक्ष देणे शक्य नाही त्याने लिथियम घ्यावी आणि गेलेल्या-आलेल्या प्रवाहाची मोजदाद ठेवणारे छोटे मापक जोडीला बसवावे, असे माझे मत आहे. कोणतीही बॅटरी असो, तिच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, यात तडजोड नाही. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत टोकांना पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. आणि बॅटरी खोलीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवताना ती आंदोलकाच्याच पेटीत कोंबण्याचा आळस करू नये.

बॅटरीचा दाब १४ व्होल्टांपासून ११ व्होल्टांपर्यंत खालीवर होत असतो, तो जसाच्या तसा आंदोलकाला देता कामा नये. जेथे १२ व्होल्ट नेमके हवेत तेथे आधी रूपांतरकाने तो दाब १५ व्होल्टांवर न्यावा आणि मग साध्या रेषीय नियामकाने १२ वर उतरवावा; ५ व्होल्ट हवे असतील तर आधी साडेसहापर्यंत आणावे. यात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते हे खरे, पण स्विचिंग रूपांतरकाचा कलकलाट आंदोलकाच्या १० मेगाहर्ट्झच्या निर्मळ स्वरात मिसळू द्यावयाचा नसेल तर ही किंमत मोजावीच लागते. रूपांतरक वेगळ्या धातूच्या पेटीत बंदिस्त असावा.

बॅटरी फार रिती झाली तर तिला तोडणारी कळही आवश्यक आहे. आणि तिच्या तोडण्याच्या व परत जोडण्याच्या दाबांत चांगले अंतर राखावे, ११.४ ला तोडावे तर १२.६ च्या आत जोडू नये. भार सुटताच थकलेल्या बॅटरीचा दाब आपोआप वर उसळतो. अंतर अपुरे असले तर कळ लगेच जोडते, पुन्हा तोडते, पुन्हा जोडते, आणि या खेळात बिचाऱ्या आंदोलकाला तासाभरात कित्येक थंड आरंभांचे धक्के सोसावे लागतात. त्याहून शहाणपणाचे हे की बॅटरी अर्ध्यावर आली की कमी महत्त्वाच्या यंत्रांना क्रमाक्रमाने निरोप द्यावा. वेळ वाटणारा छोटा संगणक असेल तर त्याला रीतसर बंद होण्याचा हुकूम मिळावा, म्हणजे त्याचे मेमरी-कार्ड बिघडणार नाही. मग वितरण-प्रवर्धक, मग प्रदर्शक-फलक. आणि सर्वांत शेवटी, अगदी निरुपाय झाला तरच, ओव्हन. ग्राहीला मात्र ओव्हनच्या बरोबरीने जागे ठेवावे, कारण तो अत्यल्प वीज खातो आणि त्याच्या संगतीवाचून स्फटिक भरकटतो. याउलट, ज्यांना वेळ फक्त या इमारतीपुरती वाटावयाची नसून जाळ्यावरून बाहेरही पुरवावयाची आहे, त्यांनी मार्गातील नेटवर्क-स्विच आणि राऊटरही राखीव विजेवर आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. घड्याळ जिवंत आणि वाट बंद, अशी स्थिती फार ठिकाणी असते.

ग्राहीच्या आत किंवा त्याच्या पट्टीवर नाण्याएवढी ३ व्होल्टांची लिथियम बॅटरी असते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तिच्या बळावर ग्राही आपले अंतर्गत घड्याळ आणि उपग्रहांची माहिती सांभाळतो. ती मेलेली असताना मुख्य वीज गेली, तर ग्राहीला सारे पहिल्यापासून शिकावे लागते. जीपीएसचा संपूर्ण संदेश प्रसारित होण्यास साडेबारा मिनिटे लागतात, आणि जीपीएसचा काळ व जागतिक प्रमाण वेळ यांतील अंतर, जे १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंद आहे, ते त्या संदेशातच दडलेले असते. म्हणून थंड आरंभानंतरच्या पहिल्या पाव तासात ग्राही सांगत असलेल्या सेकंदांवर विश्वास ठेवू नये. जुन्या ग्राहींत आणखी एक खोट असते. जीपीएसच्या संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२३ पर्यंतच जाते आणि मग शून्यावर येते; असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. स्मृती गमावलेला जुना ग्राही त्यामुळे जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख खुशाल सांगू लागतो. त्याचा स्पंद मात्र अचूकच असतो, आणि म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. ही नाण्याएवढी बॅटरी मामुली किमतीची आहे. दर काही वर्षांनी ती बदलावी.

राखीव विजेने सर्व संकटे टळतात असा समज कोणी करून घेऊ नये. मे महिन्यातील वळवाची वीज गच्चीवरच्या अँटेनेवर कोसळली, उंदराने केबल कुरतडली किंवा जवळच्या एखाद्या यंत्राच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संकेत बुडाला, तर बॅटरी भरलेली असूनही वेळ हरपते. यासाठी केबलच्या प्रवेशद्वारी विद्युत्पात-रोधक आणि चांगले अर्थिंग हवेच. चूक उपग्रहांकडूनही होऊ शकते: २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून बरखास्त करताना प्रसारित संदेशात सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली आणि जगभरातील अनेक कालग्राही कित्येक तास ती निमूट प्रमाण मानत राहिले. आपल्या ‘नाविक’ या भारतीय उपग्रह-मार्गदर्शन प्रणालीतील पहिल्या काही उपग्रहांच्या आयात केलेल्या अणुघड्याळांनी दगा दिला, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडविलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसले, हाही इतिहास ताजा आहे. संकेत जावो वा बिघडो, अशा वेळी आधार उरतो तो उबेत शांत बसलेल्या त्या स्फटिकाचाच.

आता परीक्षेविषयी. राखीव व्यवस्था बसवून समाधान मानणे आणि ती प्रत्यक्ष पारखणे, यांत फार अंतर आहे. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर, मुख्य पुरवठा मुद्दाम बंद करून बॅटरीचा दाब तासातासाला टिपावा आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत यंत्र टिकते का ते पाहावे. बॅटरीची ताकद तिच्या मूळ क्षमतेच्या चार-पंचमांशाखाली गेली असेल तर ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. दुसऱ्या दिवशी वीज चालू ठेवून अँटेना काढावी आणि एका अहोरात्रात स्पंद किती ढळतो ते दुसऱ्या ग्राहीशी ताडून पाहावे, कारण वीज जाणे आणि संकेत जाणे ही दोन निराळी संकटे आहेत व एकाच्या परीक्षेने दुसऱ्याची होत नाही. तिसरी परीक्षा लोक हमखास टाळतात, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे: बॅटरी पूर्ण तोडून सारे यंत्र थंड होऊ द्यावे, मग वीज द्यावी, आणि कोणाचाही हात न लागता ते आपणहून उभे राहते का, किती तासांनी स्थिरावते, हे नोंदवावे. ही परीक्षा ओव्हनला कष्ट देणारी असल्यामुळे यंत्र नवे बसविल्यावर एकदा आणि पुढे काही मोठा फेरबदल केल्यावरच करावी.

या नोंदींसाठी यंत्राशेजारी एक वही टांगून ठेवावी, बॅटरीवर ती बसविल्याची तारीख ठळक लिहावी, आणि अंधाराच्या प्रसंगी वाजणारी सूचना रिकाम्या खोलीत न वाजता कोणाच्या तरी फोनवर पोहोचेल असे करावे. वाचकांपैकी ज्यांच्याकडे हे यंत्र आज भिंतीतील सॉकेटवर चालत आहे, त्यांनी मे महिना उजाडण्यापूर्वी ते बॅटरीवर घ्यावे.